चक्रीवादळाच्या आधी तलाठी नक्की काय करते

निसर्ग वादळाचा विषय निघाला की लोक मला हमखास विचारतात, तुम्ही तर सातबारावाल्या, वादळात तुमचं काय काम? टीव्हीवर नौदलाची जहाजं दिसतात, नारिंगी कपड्यातले एनडीआरएफवाले म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान दिसतात, मंत्रालयातली मीटिंग दिसते, तलाठी काही दिसत नाही. म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते.

मी मूळची लातूरकडची. परीक्षा दिली, पास झाले आणि पोस्टिंग मिळालं थेट रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन तालुक्यात, समुद्राला लागून असलेल्या सजात, म्हणजे तलाठ्याच्या हद्दीत. आमच्याकडे वादळ म्हणजे वळवाचा पाऊस, चार पत्रे उडतात, आंब्याची फांदी मोडते, तासाभरात आभाळ मोकळं. चक्रीवादळ हा शब्द मी ओडिशा-बंगालच्या बातम्यांतच ऐकलेला.

२०२० चा मे महिना आठवा. सगळी यंत्रणा कोरोनात बुडालेली, मुंबईहून चाकरमानी पास काढून, काही तर बिनपासाचे, गावाला येत होते आणि त्यांना शाळेत क्वारंटाईन करायचं, त्यांच्या याद्या, शिक्के, जेवण, भांडणं हे सगळं आमच्याच गळ्यात. तिकडे २० मे ला अम्फान बंगालमध्ये धडकलं ते आम्ही मोबाईलवर बघितलं आणि पुढे गेलो. मग महिनाअखेरीला तहसीलच्या ग्रुपवर मेसेज पडला की अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतंय. खरं सांगू का, त्या दिवसात ग्रुपवर इतके मेसेज यायचे की कोणी फार लक्ष दिलं नाही. १ जूनला त्याचं डिप्रेशन झालं, म्हणजे चक्रीवादळाच्या आधीची पायरी, २ तारखेला दुपारी चक्रीवादळ झालं आणि त्याला नाव मिळालं निसर्ग, बांगलादेशने सुचवलेलं, १६९ नावांची जी नवीन यादी त्याच एप्रिलमध्ये आली होती तिच्यातलं पहिलंच.

इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी. हवामान खात्याचा इशारा टप्प्याटप्प्याने येतो. साधारण ७२ तास आधी नुसतं लक्ष ठेवा असं सांगतात, ४८ तास आधी यलो, २४ तास आधी ऑरेंज, आणि १२ तास आधी रेड, ज्यात वादळ जमिनीवर आल्यावर आत कुठे कुठे जाईल तेही असतं. अम्फान १६ मे ला डिप्रेशन होतं आणि २० ला धडकलं, म्हणजे चार दिवस मिळाले. निसर्ग १ तारखेला तयार झालं आणि ३ ला दुपारी आमच्या दारात. किनाऱ्याजवळच तयार झालेलं वादळ असा वेळ देत नाही. त्यामुळे कागदावरचे चार टप्पे आमच्यापर्यंत पोचेपर्यंत एकमेकांत मिसळून गेले होते आणि हातात उरला जेमतेम दीड दिवस.

इशारा येतो कसा तर कुलाब्याच्या केंद्रातून मंत्रालयातल्या नियंत्रण कक्षात, तिथून कलेक्टर ऑफिस, तिथून प्रांत-तहसीलदार, आणि तिथून आम्ही. तलाठी म्हणजे त्या साखळीची शेवटची कडी, आमच्या खाली फक्त कोतवाल. १ तारखेला साहेबांनी सांगितलं की उद्या संध्याकाळपर्यंत किनाऱ्यालगतच्या सगळ्या कच्च्या घरातली माणसं पक्क्या इमारतीत हलली पाहिजेत आणि त्याआधी मला यादी द्या.

यादी. हा सगळ्या गोष्टीचा मूळ मुद्दा आहे असं मला आजही वाटतं. ग्रामपंचायतीकडे घरपट्टीचं रजिस्टर असतं, त्यात घर कच्चं की पक्कं लिहिलेलं असतं, पण ते लिहिलं कधी? कोणी मध्येच स्लॅब टाकलेला असतो, कोणाचं पक्कं घर म्हणजे चिऱ्याच्या भिंती आणि वर पत्रे. शिवाय घरात माणसं किती, मुंबईहून आलेली किती, कोण अंथरुणाला खिळलंय, कोणाचे दिवस भरत आलेत, हे कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतं. ते माहीत असतं आशाताईंना, पोलीस पाटलांना आणि आमच्या कोतवाल काकांना. मग आम्ही एका दोनशे पानी वहीत नवीनच रकाने आखले. घर, माणसं, चालता येतं का, औषध काय, जनावरं किती, आणि जाणार कुठे. आशाताई घरटी सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले, कुठलं ॲप नाही काही नाही. एकटी राहणारी म्हातारी माणसं इतकी असतील असं मला वाटलंच नव्हतं, कोकणात घर मोठं आणि आत एकच जीव असं फार.

आता न्यायचं कुठे? आपत्तीत निवारा म्हणजे जिल्हा परिषदेची शाळा हे ठरलेलं, पण शाळेत तर क्वारंटाईनवाले. दोघांना एकत्र ठेवलं तर वादळातून वाचलेली माणसं कोरोनाने आजारी पडायची. गावात बैठक झाली, सरपंच, ग्रामसेवक, सगळे मास्क लावून पडवीत लांब लांब बसलेले. तेव्हा मोहल्ल्यातल्या दोन-तीन घरांनी स्वतःहून सांगितलं की आमच्या बंगल्याचे खालचे मजले उघडतो. आखातात नोकऱ्या करून बांधलेली आरसीसीची दणकट घरं ती, एरवी वर्षभर कुलूपबंद. कोळीवाड्यातली बरीच कुटुंबं तिकडे गेली, काही देवळाच्या सभामंडपाशेजारच्या पक्क्या खोल्यांत, आणि शाळेचा एक विंग क्वारंटाईनवाल्यांना ठेवून दुसरा रिकामा केला. हा प्लॅन कुठल्याच आराखड्यात नव्हता, तासाभरात पडवीत ठरला.

२ तारखेला सकाळपासून रिक्षावर भोंगा लावून फिरलो. कायदा बघायला गेलं तर आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चं कलम ३४ आहे, जिल्हा प्राधिकरण माणसं हलवू शकतं, आणि ऐकलं नाही तर कलम ५१ मध्ये वर्षभरापर्यंत कैद. पण गावात हे कलम तोंडातून काढायचं नसतं, काढलं की माणूस हट्टाला पेटतो. कोळीवाड्यातली एक आजी काही केल्या उठेना. म्हणाली, "फयान बघितलंय मी, ओखी बघितलंय, या घरानं दोन्ही काढली. तू नवीन हायस बाय, तू घाबरलीस." मी खरंच घाबरले होते, त्यामुळे उत्तर काय देणार. शेवटी खरं कारण कळलं, आगोटीची सुकी मासळी. पावसाळ्याच्या चार महिन्यांची सोय पिंपात भरून ठेवलेली, सोडे, बोंबील, जवळा, ती सोडून ती कशी येणार? मग पोलीस पाटलांनी टेम्पो आणला आणि आधी पिंपं हलवली, मागोमाग आजी आली. त्यानंतर सगळ्यांचीच पिंपं हलवायची ठरली आणि शाळेचा व्हरांडा सुक्या मासळीने भरून गेला. पलीकडच्या विंगमधले क्वारंटाईनवाले मुंबईकर वासाची तक्रार घेऊन माझ्याकडे. मी म्हटलं दादा, आजची रात्र तेवढी सांभाळून घ्या.

होड्यांचं एक बरं होतं. पावसाळ्यात मासेमारी बंद असते त्यामुळे बहुतेक होड्या आधीच वर ओढून शाकारायला घेतलेल्या. बंदराला धोक्याचा बावटा लागला होता. समुद्रात जे कोणी राहिले असतील त्यांना तटरक्षक दलाची जहाजं आणि विमानं परत फिरायला सांगत होती, मुंबईत नौदलाची पूर पथकं आणि पाणबुडे तयार ठेवले होते, हे सगळं आम्हाला मेसेजमधून कळायचं. ऐकून धीर यायचा, पण एक लक्षात घ्या, लष्कर-नौदल असं गावात परस्पर येत नाही. जिल्हा प्रशासनाला मदत मागावी लागते, राज्याकडून मागणी जाते, मग तुकडी निघते. पहिल्या फळीत गाव-तालुका, मग एनडीआरएफ, आणि त्यांच्याही हाताबाहेर गेलं तर सैन्य.

एनडीआरएफची तुकडी संध्याकाळी आली. पुण्याजवळ तळेगाव दाभाडेच्या पुढे सुदुंबरे म्हणून गाव आहे तिथे त्यांची ५ वी बटालियन असते, तिथून ताम्हिणी घाट उतरून माणगावमार्गे. महाराष्ट्रात त्या वेळी वीसच्या आसपास तुकड्या लावल्या होत्या. मला वाटलं होतं आल्या आल्या होड्या फुगवून किनाऱ्यावर उभे राहतील. त्यांच्या टीम कमांडरने समुद्राकडे फारसं बघितलंही नाही. त्याचा पहिला प्रश्न, "मॅडम, सबसे पहले कौन सा रास्ता बंद होगा?" म्हणजे मोठी जुनी झाडं कुठल्या रस्त्यावर आहेत, ग्रामीण रुग्णालयाकडे जायला दुसरा रस्ता आहे का, जेसीबी कोणाकडे आहे आणि तो आज रात्री कुठे उभा करणार, गावात लाकूड कापायची मशीन किती, डिझेल कुठे मिळेल. मला यातली निम्मी उत्तरं माहीत नव्हती, कोतवाल काकांना सगळी माहीत होती. काकांना हिंदी येत नाही, कमांडरला मराठी येत नाही, मी मध्ये दुभाषी. मग ते दोघं बाईकवर बसून निघाले, अंधार पडेपर्यंत प्रत्येक वड, प्रत्येक चिंच दाखवून आणली. कमांडरने आपल्या गाड्याही मुद्दाम अशा मोकळ्या जागी लावायला लावल्या जिथे वरून काही पडणार नाही आणि पुढे रस्ता अडणार नाही. एवढं सगळं बघितल्यावर माझी भीती जरा कमी झाली आणि जरा वाढलीही.

मेसेज होते ताशी १०० ते १२० किलोमीटर वाऱ्याचे. पौर्णिमा दोन दिवसांवर, म्हणजे समुद्र उधाणावर. गंमत म्हणजे ३ जून हीच राज्यात लॉकडाऊन शिथिल होण्याची पहिली तारीख होती, मिशन बिगिन अगेन.

सकाळी नुसता भुरभुर पाऊस, लोक म्हणायला लागले मॅडम कुठे आहे वादळ, जाऊन भाकऱ्या टाकून येतो घरी. दारात पोलीस उभा केला नसता तर निम्मे गेले असते. मग साडेदहा-अकरानंतर वारा सुरू झाला आणि बाराच्या पुढे जे झालं ते मला नीट सांगता येत नाही. पत्रे उडतात हे मी लातूरला बघितलंय, पण इथं सिमेंटचे पत्रे हवेत पत्त्यांसारखे फिरत होते आणि कुठे पडले ते कळतही नव्हतं. माड इतके वाकायचे की शेंडा जमिनीला लागेल असं वाटावं, आणि पोफळी वाकत नाहीत, त्या मधूनच कटकन मोडतात, एकामागे एक. आवाज तर असा की शेजारचा माणूस ओरडून बोलला तरी ऐकू येत नव्हतं. शाळेच्या खिडक्यांना आम्ही बाकं लावून ठेवली होती, ती चार-चार जण धरून बसलेले. मुलं रडत होती, आजी पिंपांशेजारी बसून जप करत होती. मोबाईलची रेंज दुपारीच गेली. हवामान खात्याने नंतर सांगितलं की वादळ साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेला किनारा ओलांडून आत गेलं. आम्हाला ते अख्खा दिवस वाटलं.

आमच्या सजात माणूस एकही दगावला नाही. घरं मात्र, जी रिकामी केली होती त्यातली कितीतरी बसली. दुसऱ्या दिवशी आजीच्या घराकडे गेलो तर आढं मोडून आत पडलेलं, जिथे तिची खाट असते तिथेच. ती काही बोलली नाही, मीपण नाही.

आता जे सांगायचं ते पुढचंच आहे. वादळ येईपर्यंतची तयारी चांगली होती, मी सरकारी नोकर म्हणून नाही म्हणत, खरंच चांगली होती, नाहीतर कोकण किनाऱ्यावर किती माणसं गेली असती कोण जाणे. पण वादळ गेल्यावर पहिल्या संध्याकाळी आम्ही पूर्ण आंधळे झालो. टॉवर बंद, लँडलाईन बंद, वीज नाही, रस्ते झाडांनी भरलेले. तालुक्याला आमचं काय झालं ते माहीत नाही, जिल्ह्याला तालुक्याचं माहीत नाही. चालत होतं फक्त पोलिसांचं वायरलेस आणि एनडीआरएफचा सॅटेलाईट फोन. मी चिठ्ठ्या लिहून पोरांच्या हातात द्यायचे, ते झाडांवरून बाईक उचलून, चालत, पोचवायचे तहसीलला. २०२० मध्ये! घरं इतकी, जनावरं इतकी, पिण्याचं पाणी नाही, जनरेटर पाठवा.

एनडीआरएफवाल्यांनी वारा थांबल्या थांबल्या करवती चालू केल्या. आधी रुग्णालयाचा रस्ता, आदल्या दिवशी ठरवलेल्या क्रमानेच. गावातली पोरं कोयते, कुऱ्हाडी घेऊन त्यांच्याबरोबर. कमांडर कापायचा कुठे ते दाखवायचा, पोरं ओढून बाजूला करायची. जेसीबीवाला पण पोचला, कारण तो कुठे उभा आहे ते वहीत होतं. रात्री उशिरा एका गरोदर बाईला त्याच रस्त्याने नेलं. फक्त एवढ्यासाठीसुद्धा ती वही लिहिली ते बरं झालं असं मला वाटतं.

५ जूनला वटपौर्णिमा होती. गावातला मोठा वड आडवा झालेला, बायकांनी आडव्या वडालाच सूत गुंडाळलं.

त्यानंतरचे महिने पंचनाम्यांचे. फोटो काढायचे तर मोबाईल चार्ज करायला वीज नाही, जनरेटरवाल्याकडे रांग लावून पैसे देऊन चार्जिंग. पत्र्यांचे भाव वाढलेले आणि मिळेना, पाऊस तर सुरूच, लोक ताडपत्रीखाली. सरकारने पूर्ण पडलेल्या घराची मदत ९५,१०० वरून दीड लाख केली, बागांची हेक्टरी १८,००० वरून ५०,००० केली. ऐकायला बरं वाटतं, पण कोकणातली वाडी हेक्टरात मोजायची असते का? इथं कोणाची पाच गुंठे, कोणाची दहा. हेक्टरी ५०,००० म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये. पाच गुंठ्यांवर ज्याने बापजाद्यांच्या पोफळी राखल्या, ज्याची श्रीवर्धनची रोठा सुपारी बाजारात नावाने विकली जाते, त्याला अडीच हजार. नवीन पोफळ लावली तर सुपारी धरायला सात-आठ वर्षं. मी टेप घेऊन मोजत असताना एक आजोबा मागे मागे फिरत झाडं मोजत होते, मोठ्याने, मी ऐकावं म्हणून. माझ्या फॉर्ममध्ये झाडांचा रकाना होता पण पैसे क्षेत्रावर. पुढच्या वर्षी तौक्ते वादळाच्या मदतीत नारळाला झाडामागे २५० आणि सुपारीला ५० असा दर धरला गेला, ते रास्त होतं का हा वेगळा वाद, पण निदान मोजायची पद्धत जमिनीवरची झाली.

तौक्ते मे २०२१ मध्ये आलं, आमच्या समोरून समुद्रातूनच गुजरातकडे गेलं. त्या वेळी मुंबईजवळ समुद्रात कामगारांच्या राहण्याची पी-३०५ बार्ज बुडाली आणि नौदलाच्या आयएनएस कोची, आयएनएस कोलकाता वगैरे जहाजांनी त्या खवळलेल्या पाण्यातून पावणेदोनशेहून जास्त माणसं काढली, तरी बरीच गेली. इशारा सगळ्यांना मिळालेला होता, तरीही समुद्रात इतकी माणसं होती, याचा मला आजही अर्थ लागत नाही. गावात मात्र फरक दिसला. भोंगा फिरायच्या आधीच अर्धा कोळीवाडा मोहल्ल्यात पोचलेला, पिंपांसकट. ग्रामपंचायतीने स्वतःची लाकूड कापायची मशीन घेतलेली, पाण्याच्या टाक्या आदल्या दिवशी भरलेल्या, जनरेटर आधीच सांगून ठेवलेला. कोतवाल काकांनी तर कोणी न सांगता रस्त्यावरची वाळकी झाडं एप्रिलमध्येच तोडून घेतली होती.

नंतर बरंच काही सुधारलं. किनाऱ्यावर काही ठिकाणी वीजवाहिन्या जमिनीखालून टाकायचं काम, चक्रीवादळ निवारे, गावातल्या तरुणांना आपदा मित्र म्हणून बारा दिवसांचं प्रशिक्षण आणि किट. पावसाळ्यात महाड-चिपळूणला एनडीआरएफच्या तुकड्या आधीच आणून ठेवतात. राज्याचं आपलं आपत्ती दल धुळे आणि नागपूरला, समुद्रापासून जमेल तितकं लांब, ते का ते मला विचारू नका. २०२३ मध्ये सगळ्यांचे मोबाईल एकदम सायरनसारखे वाजले होते ना, ती याचीच चाचणी, टॉवरच्या हद्दीतल्या प्रत्येक फोनवर इशारा. चांगली सोय आहे, टॉवर उभा असेपर्यंत.

माझी बदली झाली तेव्हा चार्ज देताना गाव नमुना १ ते २१ सगळं यादीप्रमाणे दिलं, सह्या झाल्या. ती दोनशे पानी वही यादीत नव्हती कारण तिला नमुना नंबरच नाही. नवीन तलाठी भाऊंनी चाळून बघितली, म्हणाले मॅडम याच्यावर सही कुठे करू? मी म्हटलं सही राहू दे, दर एप्रिलला आशाताईंना बरोबर घेऊन एकदा पूर्ण गाव फिरा आणि जेसीबीवाल्याचा नंबर बदललाय तो तेवढा खोडून नवीन लिहा.